भवानी पेठेतली बत्तीस सशक्त बालकं

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

भवानी पेठ, सोलापूर
ता. ४ ऑगस्ट १९७५, सोमवार

तीर्थरूप अक्का हिच्या पायांशी धाकट्या शिवप्पाचा डोकं टेकून नमस्कार.

इकडे आम्ही सगळे धड आहोत. तुझे गुडघे, दाजींचा खोकला आणि दारची म्हैस या तिघांची खुशाली सवडीनं कळव. (म्हैस तिसरी लिहिली आहे, तेव्हा दाजींनी मनाला लावून घेऊ नये.) अक्कलकोटला पाऊस झाला का? इथं ढग येतात आणि नुसते बघून जातात. सौ. तुला नमस्कार सांगते. थोरल्या बहिणीला रागानं लिहू नका, असं ती मघापासून तीनदा म्हणाली, म्हणून रीतीप्रमाणे आधी सगळ्यांची चौकशी केली. ती झाली. आता रागानं लिहितो.

विषय तुझा मुलगा. (माझा भाचा असं लिहिणार होतो, पण या पत्रापुरता तो तुझाच राहू दे.) चन्नू डॉक्टर झाला तेव्हा गल्लीत पेढे मी वाटले, हे तू विसरली नसशील. तो डॉक्टर झाला तिथंच थांबता तर आज हे पत्र लिहायची वेळ आली नसती. पण त्याला आणखी मोठा डॉक्टर व्हायचंय, त्यासाठी प्रबंध लिहायचाय, आणि त्या प्रबंधाचा विषय काय, तर लहान मुलांच्या अंगात चरबी किती आहे हे मोजायच्या तऱ्हा किती, आणि त्यातली खरी कुठली. त्यानं हे मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी गुंडीचं काज करत होतो, सुई बोटात घुसली. म्हटलं, अरे, दुष्काळ जाऊन दोन वर्षं झाली नाहीत, दुष्काळी कामावरची सुकडी खाऊन जगलेली पोरं ही, आणि तू त्यांच्यात चरबी शोधायला आलास? मुंबईला श्रीमंतांच्या वस्तीत जा की. तर म्हणाला, मामा, जिथं नाही तिथंच मोजायची असते. हे वाक्य ऐकून मी त्याला चहा पाजला, ही माझी पहिली चूक. दुसरी चूक तुझी. तू कार्ड पाठवलंस, "भाच्याला नाही म्हणू नकोस, आईवडलांमागं तुला मी वाढवलंय." हे वाढवल्याचं तू दर कार्डात लिहितेस. लिहीत जा, खरंच आहे ते.

पण मी हो म्हटलं ते तुझ्या कार्डामुळं नव्हे. इथल्या सूत व्यापाऱ्यांच्या मंडळानं ठरवलं होतं की आपल्या गल्लीतल्या सुकलेल्या पोरांना वर्षभर रोज सकाळी पेलाभर दूध द्यायचं. मात्र सुकलेलं कोण, हे डॉक्टरनं मोजून लिहून द्यायला हवं, नाहीतर उद्या मंडळाच्या चिटणिसाचे भाचेपुतणेच रांगेत उभे राहायचे. (हे मी म्हणत नाही, चिटणीसच म्हणाले.) चन्नूला मोजायला पोरं हवी होती आणि पोरांना दूध. मी दोघांची गाठ घालून दिली. दारोदार जाऊन आयांना सांगितलं की मोजून घ्या, दूध मिळेल. शब्द माझा होता, अक्का. समोरच्या खोलीतल्या गोजाबाईनं त्याच संध्याकाळी एक ॲल्युमिनियमचा पेला राखेनं घासून लखलखीत करून ठेवला. ती मागासाठी सुताच्या कांड्या भरायचं काम करते, नवरा मिलमध्ये बदलीवर, म्हणजे महिन्यातले दहा दिवस. तिची चंद्रव्वा सहा वर्षांची आहे, पण चौथ्या वर्षाचा फ्रॉक अजून तिच्या अंगावरून घसरतो. बत्तीस पोरं मोजली, पण मी आता लिहिणार आहे ते सगळं वाचताना तू ही एकच डोळ्यांपुढं ठेव.

पहिली तऱ्हा पाण्याची. चरबी म्हणे पाण्यावर तरंगते आणि हाडंमांस बुडतं. म्हणून पोराला आधी बाहेर तोलायचं, मग पाण्यात बुडवून तोलायचं, आणि दोन्ही आकडे एकमेकांवर घासून चरबी काढायची. पुण्याला त्याच्या कॉलेजात यासाठी लोखंडी टाकी आणि खुर्ची आहे. इथं मी आहे. गल्लीच्या टोकाला सूत रंगवायचा कारखाना आहे, तो जूनमध्ये सूत न मिळाल्यानं बंद होता. मालकाच्या विनवण्या करून त्याचा हौद मागितला. त्यानं तो माणूस लावून घासून दिला. मग पाणी. नळाला एक दिवसाआड पहाटे दीड तास पाणी येतं हे तुला ठाऊक आहे, आणि त्या दीड तासात मी डॉक्टरच्या हौदाला नळी लावली. रांगेत घागरी घेऊन उभ्या असलेल्या बायका मला काय काय म्हणाल्या ते या पत्रात लिहीत नाही. तराजू म्हणून सुताचे गठ्ठे तोलायचा टांगता काटा आणला आणि त्याच्या आकड्याला माझी नवी चादर झोळीसारखी बांधली. त्या झोळीत पोर बसवायचं, पाण्यात सोडायचं, आणि पोरानं काय करायचं, तर पोटातली सगळी हवा सोडून, डोकं बुडवून, काटा स्थिर होईपर्यंत गप्प बसायचं.

अक्का, भवानी पेठेतलं पोर जमिनीवरसुद्धा तीन आकडे मोजेपर्यंत गप्प बसत नाही. जूनचं ऊन, आणि पुढ्यात छातीएवढं गार पाणी. ती हसायला लागली. एक हसलं की बाहेर रांगेतली सगळी हसायची. काटा वर जायचा, खाली यायचा. त्यात माझी चादर पाणी पिऊन दर खेपेला जड होत गेली, त्यामुळं शेवटची पोरं पहिल्यांपेक्षा आपोआप भारी. चन्नू वहीत आकडे मांडत होता आणि मध्येच त्याचा चेहरा उतरला. एका पोराच्या अंगात त्याच्या वजनापेक्षा जास्त चरबी निघाली होती. अकरा पोरं बुडवून झाली तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की बाहेर आलेली पोरं तांबडी आहेत. हौद घासला होता, पण वीस वर्षं त्यात तांबडं सूत बुडलं होतं, तो रंग सिमेंटनं पोटात धरून ठेवला होता आणि गार पाण्यात पोरांवर सोडला. मालक म्हणायचा, आमचा रंग पक्का असतो. पक्का होता. शाळा उघडली तेव्हा पहिल्या रांगेत अकरा पोरं गळ्यापर्यंत तांबडी बसली होती, आणि आया रोज सकाळी शाळेऐवजी माझ्या दुकानावर येत होत्या. त्याच गोंधळात चन्नूची पुण्याहून आणलेली कापडी मापाची टेप हौदात पडली, ती आटून, तांबडी होऊन, आकडे गमावून वर आली. त्याचा निष्काळजीपणा तुला माहीतच आहे. लहानपणी तो माझी कात्री विहिरीत टाकून आला होता.

दुसरी तऱ्हा चिमट्याची, माझ्या दुकानाच्या ओट्यावर. हा चिमटा विलायती, त्याच्या प्रोफेसरांचा, मखमलीच्या पेटीत ठेवलेला. दंडाच्या मागची कातडी आणि खांद्याच्या फऱ्याखालची कातडी त्या चिमट्यात धरायची, मग चकतीवरचा काटा फिरून आतली चरबी सांगतो. एका पोराला तीन वेळा धरायचं, कारण शास्त्र. पहिल्या वेळी पोराला काय होणार ते माहीत नसतं. दुसऱ्या वेळी माहीत असतं, म्हणून ते अंग चोरतं. तिसऱ्या वेळी ते माझ्या मशीनखाली असतं. एकाच पोराचे आकडे पाच, आठ आणि चार. चन्नू म्हणाला, यांची सरासरी काढू. मी म्हटलं, तू छातीचं माप तीन वेळा तीन तऱ्हेचं घेऊन सरासरी सदरा शिवून दाखव, मग बोल. आयाही चिडल्या. पोरांना चिमटे काढायला पुण्याहून माणूस कशाला, घरात थोरली भावंडं आहेत, असं एकीनं तोंडावर सांगितलं.

अशात नबीसाब आले. बाजारात शेळ्याबोकडांचा व्यापार करतात, पुतण्याच्या लग्नासाठी कोट शिवायचा होता, त्याचं माप द्यायला आले होते. जन्मभर त्यांनी बोकडाच्या पाठीवर दोन बोटं ठेवून मटण किती पडेल ते सांगितलं आहे आणि खाटिकांनी ते ऐकलं आहे. थोडा वेळ त्यांनी चिमट्याचा खेळ पाहिला, मग चन्नूला अदबीनं विचारून चंद्रव्वाच्या दंडाला दोन बोटं लावली. लावली न लावली तोच काढून घेतली. पोरगी रडलीसुद्धा नाही. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "इसमें कायकू ढूंढते, मास्टर? हैच नईं कुछ."

माझं टाळकं फिरलं. चारचौघांत, तिच्या आईसमोर, पोराला बोकडासारखं चाचपायचं? मी त्यांना नाही नाही ते बोललो. हा बाजार नव्हे, इथं शास्त्र चाललंय, असंही म्हणालो. (पाचच मिनिटांपूर्वी त्याच शास्त्राला मी शिव्या देत होतो, पण ते आपल्या घरचं शास्त्र.) नबीसाबांनी सलाम केला आणि कोटाचं माप न देताच गेले.

राहिली तिसरी तऱ्हा, टेपेची. चन्नूची तर हौदात गेलेली. मी माझी काढून दिली. अक्का, त्या टेपेबद्दल तुला मी काय सांगावं. आपल्या अण्णांच्या हातची ती टेप, मेणकापडाची, आणि तिच्या टोकाची पितळेची टोपी मी स्वतः ठोकून बसवली आहे. तीस वर्षं या टेपेनं मी पेठेचं अंग मोजलंय. माझ्या हातचा मोठ्याचा सदरा अंगाला चोपून बसतो आणि पोराचा फ्रॉक दोन वर्षं पुरतो, हे तुला कुणीही सांगेल. चन्नूला म्हटलं, हौद सोड, चिमटा सोड, दंडाला टेप लाव आणि आकडा वाच, टेप हसत नाही आणि अंग चोरत नाही. आणि खरंच, त्यानं एकेका पोराचा दंड तीन तीन वेळा मोजला, तिन्ही वेळा आकडा तोच, दोऱ्याचाही फरक नाही. मी तिथं उभा राहून गल्लीला सांगितलं की हे बघा, याला माप म्हणतात. त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं. चन्नूच्या हिशेबात दंड साडेपाच इंचांच्या खाली भरला तर पोर सुकलेलं. एवढं करून तो वही, पेटी आणि सौ.नं दिलेली शेंगाचटणी घेऊन पुण्याला गेला.

यानंतर दीड महिना आम्ही वाट पाहिली, आणि गेल्या महिन्याच्या शेवटी मंडळाकडं प्रोफेसरांच्या सहीचा कागद आला. त्यात लिहिलंय की पाण्याची तऱ्हा इथं फसली, चिमट्याची भरवशाची नाही कारण तिचे आकडे आपसांत जुळत नाहीत, आणि टेपेची सर्वांत भरवशाची कारण तिचे आकडे नेहमी जुळतात. तेव्हा टेपच खरी मानली. टेपेप्रमाणे बत्तीसांपैकी बत्तीस पोरांचे दंड साडेपाच इंचांच्या वर आहेत. "सदर वस्तीतील सर्व बालके सशक्त असून त्यांचे पोषण समाधानकारक आहे." चिटणिसांनी हे माझ्या दुकानावर उभं राहून मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि म्हणाले, मास्तर, अभिनंदन, आता हे दूध आम्ही स्टेशनपलीकडच्या शाळेला देतो. पंधरा ऑगस्टच्या सभेत ठराव व्हायचा आहे.

बत्तीसच्या बत्तीस सशक्त. हिंदुराव किराणावाल्याचा पोरगा, ज्याच्या चड्डीचा पट्टा मी दर दिवाळीला सैल करतो, तोही सशक्त आणि चंद्रव्वाही सशक्त, दोघं एकाच यादीत, एकाखाली एक. मी हे गोजाबाईला सांगायला गेलो नाही, तिला आपोआप कळलं. ती हातातली कांडी तशीच घेऊन दुकानात आली आणि उंबऱ्याच्या बाहेर उभी राहिली. तिनं आवाज चढवला असता तर मला सोसलं असतं.

"मास्तर, कागदावर माजी पोर लई गुटगुटीत हाय म्हनं की," ती म्हणाली. "मंग आता त्यो कागुदच पाजू का तिला?"

मी म्हटलं, मोजण्यात काहीतरी घोटाळा झालाय, मी पुण्याला लिहितो. ती गेली. चंद्रव्वाला मात्र अजून कुणी काही सांगितलेलं नाही. दूध येणार एवढंच तिला माहीत आहे. ती रोज सकाळी तो पेला घेऊन माझ्या ओट्याच्या पायरीवर येऊन बसते, शाळेची घंटा झाली की पेला घरी ठेवून जाते. पेल्यात कधी चिंचोके असतात, कधी काही नसतं. मी मशीन चालवतो आणि तिच्याकडं बघत नाही.

आता तुझ्या मुलाबद्दल. अक्का, सात वर्षं डॉक्टरकी शिकून ज्याला समोरची पोरगी सुकलीय हे दिसत नाही त्याच्या डोळ्यांचा उपयोग काय? यंत्र बाजूला ठेवून एकदा बघायचं होतं. नबीसाबांनी बघितलं, गोजाबाई रोज बघते, मी बघतो. फक्त या शहाण्याला आकडा दिसतो आणि पोर दिसत नाही. हा दोष मी त्याला देत नाही, तुला देतो. तू त्याला लहानपणी भात पातेल्यात किती उरलाय ते न बघता ताट वाढायला शिकवलंस, म्हणून तो आज असा आहे. आणि त्याचे ते प्रोफेसर, पुण्यात बसून भवानी पेठेतल्या पोरांना सशक्त ठरवणारे, त्यांना एकदा माझ्या पायरीवर चंद्रव्वाच्या शेजारी सकाळी सात वाजता आणून बसवावं. आकडे जुळले म्हणून खरे, हा कुठला न्याय? खोटा साक्षीदारसुद्धा तीन वेळा तेच सांगतो. हे वाक्य मला शनिवारी सुचलं, तेव्हापासून मी ते कुणाला तरी ऐकवायची वाट बघत होतो.

माझ्या शब्दावर बत्तीस आयांनी पोरं आणून दिली. त्यांतली अकरा तांबडी झाली, बत्तीसही चिमटली गेली आणि एकालाही पेलाभर दूध मिळालं नाही. आता रस्त्यानं जाताना लोक विचारतात, काय मास्तर, सशक्त का सगळे? माझा संताप संताप होतो. चन्नूनं डोळे उघडे ठेवून काम केलं असतं तर हे झालं नसतं, एवढं एकच माझं म्हणणं आहे, आणि ते तू त्याला माझ्या नावानं, याच शब्दांत कळव.

दाजींना नमस्कार. गुडघ्यांना करंजाचं तेल कोमट करून चोळ. थोरांस नमस्कार, लहानांस गोड पापे, म्हशीला मूठभर पेंड जास्त.

तुझा धाकटा,
शिवप्पा

ता. क. — गेल्या खेपेची तुझी खव्याची बरणी इथंच आहे, येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर पाठवतो.

ता. क. दुसरा — हे पत्र दाजींना दाखवू नकोस. चन्नूलाही नको. वर "याच शब्दांत कळव" असं लिहिलंय ते खोड. मला ते खोडता आलं असतं, पण पान खराब होतं.

ता. क. तिसरा — सौ. म्हणते की बरणीचं लिहिलंत, आता खरं लिहा. तेव्हा लिहितो. शुक्रवारी नबीसाब परत आले. माझ्या बोलण्याचं त्यांनी मनात काही धरलेलं नव्हतं, पुतण्याचं लग्न तोंडावर आलंय म्हणाले. मी मागं उभा राहून छातीला टेप लावली, मोठ्यानं बेचाळीस वाचलं आणि नेहमीच्या सवयीनं वहीत एक्केचाळीस लिहिलं. त्यांची नजर व्यापाऱ्याची. मान न वळवता, समोरच्या आरशातूनच विचारलं, "बयालीस बोले, इकतालीस लिखे. एक इंच कां गया, मास्टर?"

अक्का, मी टेपेचं टोक उजेडात धरून बघितलं. तुला आठवतं का, अण्णा गेले त्या वर्षी टेपेचं टोक फाटलं होतं? तेव्हा मी फाटका पहिला इंच कापून टाकला आणि एकच्या आकड्यावरच पितळेची टोपी ठोकली. तेव्हापासून ती टेप प्रत्येक मापाला एक इंच जास्त सांगते. मी मोठ्या माणसाच्या मापातून तो इंच मनात वजा करतो. माझा हातच वजा करतो, मला पत्ताही लागत नाही. आणि पोरांच्या मापातून मी तो मुद्दाम वजा करत नाही, कारण पोरांचा कपडा वाढत्या अंगाचा शिवायचा असतो. म्हणूनच माझा फ्रॉक दोन वर्षं पुरतो. हे पेठेत कुणाला ठाऊक नाही, आता तुला आणि नबीसाबांना ठाऊक आहे. चन्नूला मी टेप दिली तेव्हा सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे मला आठवलंच नाही, कारण तीस वर्षांत ती टेप माझ्याशिवाय कुणी वाचलीच नव्हती. टोपीखाली एकचा आकडा झाकलेला, त्याला कसा दिसणार?

आणखी एक. वर मी लिहिलंय की चन्नूनं डोळे उघडे ठेवले नाहीत. ते खोटं आहे. त्यानं जुलैच्या पहिल्या आठवड्यात मला पत्र लिहिलं होतं, "मामा, पोरं डोळ्यांना सुकलेली दिसतात आणि तुमची टेप तसं म्हणत नाही, मला काहीतरी चुकल्यासारखं वाटतंय." मी उलट टपाली कार्ड धाडलं की या टेपेवर तीस वर्षांत कुणी शंका घेतली नाही, तू चड्डीत होतास तेव्हापासून ती खरी आहे. ते कार्ड त्यानं प्रोफेसरांना दाखवलं असणार. हे सगळं मला शुक्रवारपासून माहीत आहे. वरचा सगळा राग त्यानंतरचा आहे.

आता मागणं. त्याला तार कर की पंधरा ऑगस्टच्या आत एकदा इथं ये आणि पोरांचे दंड पुन्हा मोज. का, ते तू सांग. मला ते त्याच्या तोंडावर सांगवणार नाही, आणि तू सांगितलंस तर तो हसेल आणि विसरेल. चिटणिसांकडं आणि गोजाबाईकडं मी स्वतः जातो. चिटणिसांकडं उद्या, गोजाबाईकडं आज. काल चंद्रव्वा पायरीवर बसली होती तेव्हा मी खाली उतरून तिचा दंड मोजला, तो इंच वजा करून. पाच भरला, पुरा पाचही नाही. तो इंच मी पोरांच्या वाढीसाठी म्हणून आजवर ठेवत आलो, अक्का, आणि तोच तिच्या दुधातून कापला गेला.

ता. क. चौथा — येताना चन्नूनं टेप स्वतःची आणावी. माझी मी चुलीत घातली असं लिहिणार होतो, पण नबीसाबांचा कोट अजून व्हायचा आहे.

ता. क. पाचवा — आजपासून चंद्रव्वाचा पेला आम्ही घरचाच भरतो. बाकीच्या एकतीसांचं सभेपर्यंत काय करावं कळत नाही. म्हशीची खुशाली वर तिसरी विचारली होती, ती आता पहिली कळव, आणि सध्या दूध किती देते तेही लिही.